हिमोग्लोबिन ९ आलंय: लोहाची गोळी, सलाईन की बी-१२?

खानापूरकडची असो वा निपाणीची, बेळगावला आमच्या लॅबमध्ये आलेली बाई एवढंच सांगते, "रक्त कमी हाय म्हणालेत." सरकारी दवाखान्यातल्या कन्नड फलकावर त्यालाच 'रक्तहीनते' लिहिलेलं असतं. पण कशामुळं कमी, हे कुणी विचारत नाही आणि गोळी मात्र सुरू होते.

एका सकाळी दोन नमुने आले, दोन्हींत हिमोग्लोबिन ९.२. एक तिशीतली, पाळी आठ-आठ दिवस चालणारी. काचेवर तिच्या लाल पेशी बारक्या, मधे पांढुरक्या, नुसती कड रंगलेली. दुसऱ्या साठीतल्या माळकरी आजी. त्यांच्या पेशी मोठ्या, अंडाकार आणि पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला सहा-सहा पाकळ्या. पहिलीला लोह हवं होतं, आजींना बी-१२.

सूक्ष्मदर्शक नसला तरी सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीच्या, कागदावर 'एमसीव्ही', म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, शोधा. ८० ते १०० ठीक. १०० च्या वर असेल तर बी-१२ किंवा फॉलिक आम्ल तपासा. ८० च्या खाली बहुधा लोहाची कमतरता. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, केली की खात्री होते. मात्र लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असले तर एमसीव्ही चक्क सरळ दिसतो, म्हणून या एका आकड्यावर विसंबू नका.

८० च्या खालीच थॅलेसेमिया मायनरही लपतो, म्हणजे हिमोग्लोबिनचा आईबापाकडून आलेला सौम्य दोष. एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने (कागदावर ती दशलक्षांत असते) भागा. ६४ भागिले ५.८ म्हणजे ११. उत्तर १३ च्या आत आलं की शंका घ्यावी आणि एचबीए-टू हा हिमोग्लोबिनचा प्रकार मोजणारी तपासणी करावी. फेरिटिन चांगलं असताना अशा माणसाला लोह देऊन काही उपयोग नाही. आपल्याकडे मामाच्या, आत्याच्या घरात सोयरिक होते, म्हणून हे मी कळकळीने सांगते: नवरा-बायको दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे याच दोषाचा गंभीर आजार, होण्याची शक्यता २५ टक्के असते.

लोहच कमी असेल तर गोळी की शिरेतून लोहाचं सलाईन? आधी गोळी. आशाताई देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा. शी काळी होते, त्याला घाबरू नका. मळमळत असेल तर दिवसाआड घेता येते का, हे डॉक्टरांना विचारा. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोनने चढायला हवं. आकडा भरल्यावरही तीन महिने गोळी चालू ठेवायची, नाहीतर साठा रिकामाच राहतो. बहुतेकींचं इथंच बिनसतं.

गोळी पोटात टिकत नाही, रक्तस्राव जास्त आहे किंवा बाळंतपण जवळ आलंय, तर सलाईन बरं. आयर्न सुक्रोज या लोहाच्या सलाईनला अनेक खेपा लागतात. फेरिक कार्बोक्सीमाल्टोज हे दुसरं औषध एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, पण महाग. रोज उसात कामाला जाणारीला वारंवार बुडवायला मजुरी नसते, तिने हा हिशोब जरूर मांडावा. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत सलाईन देत नाहीत. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर घरी बसून ठरवत राहू नका, दवाखाना गाठा.

बी-१२ चं वेगळं. माझ्या आत्याला आठ महिने लोहाचं टॉनिक पाजलं आणि तोवर तिच्या पायांना मुंग्या येऊन चप्पल निसटलेली कळेनाशी झाली. नुसत्या फॉलिक आम्लाने रक्त सुधारतं, पण नसा बिघडतच जातात. मुंग्या येत असतील तर इंजेक्शनने सुरुवात करणं चांगलं. शाकाहारी माणसाने आणि साखरेसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्याने हे आधी तपासावं.

पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी निघालं, तर रक्त जातंय कुठून ते आधी शोधा. मूळव्याध असेल, पोटात व्रण असेल, आतड्यात गाठही असू शकते, आणि गोळ्यांनी आकडा वर आला की ती तपासणी मागे पडते.