रॅमची चाचणी: विंडोजची, पेनड्राइव्हवरची की स्टिक बदलून?

घरी जोडलेल्या डेस्कटॉपवर वारंवार निळा पडदा येऊ लागला किंवा मोठी झिप फाइल उलगडताना अधूनमधून त्रुटी येऊ लागली, की संशय रॅमवर जातो, आणि तो पुष्कळदा रास्तही असतो. मात्र दोष स्टिकचा (रॅमच्या पट्टीचा), ती बसवण्याच्या स्लॉटचा की बायोसमधल्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधल्या, सेटिंगचा, हे ठरल्याशिवाय नवी रॅम मागवू नये. मालवण किंवा गुहागरच्या दुकानात नेमक्या वेगाची जोडी मिळेलच असे नाही, आणि चुकीचा भाग परत पाठवण्यात आठवडा सहज जातो.

विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिकसाठी काहीही डाउनलोड करावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण. चाचणी सुरू असताना एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ प्रकार निवडता येतो. तिने दोष दाखवला तर तो खरा मानावा. पण ‘दोष नाही’ या निकालावर मी विसंबणार नाही, कारण क्वचित उद्भवणाऱ्या चुका तिच्या नजरेतून सुटतात.

पेनड्राइव्हवरून चालणारी मेमटेस्ट८६+ अधिक कसून तपासते. ती मोफत व मुक्तस्रोत असून २०२२ मधील सहाव्या आवृत्तीपासून यूईएफआय या नव्या प्रकारच्या बायोसवरही चालते. पासमार्क कंपनीची मेमटेस्ट८६ हा वेगळा प्रोग्राम आहे आणि त्याच्या मोफत आवृत्तीत चार फेऱ्यांची मर्यादा आहे. दोन्हींना वेळ लागतो, म्हणून चाचणी रात्रभर लावावी हे बरे. परंतु कोकणातल्या पावसाळ्यात मध्येच वीज गेली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, तेव्हा यूपीएस नसेल तर उघडीप पाहूनच ती सुरू करावी. एकही चूक दिसली तरी निकाल नापासच समजावा.

तरीही चूक कोणामुळे झाली, हे कोणताही प्रोग्राम खात्रीने सांगत नाही. त्यासाठी आधी एक्सएमपी (रॅमला प्रमाण वेगाहून जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) बंद करून चाचणी घ्यावी. ३६०० वेगाची डीडीआर४ पिढीची रॅम तो वेग बहुधा १.३५ व्होल्टवर गाठते, तर डीडीआर४ चे प्रमाण व्होल्टेज १.२ आहे. म्हणून एक्सएमपी बंद केल्यावर चुका थांबल्या, तर स्टिक निकामी नसून प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागाला) तो वेग पेलत नसण्याचीही शक्यता असते, आणि ३२०० वर समाधान मानणे स्वस्त पडते. (डीडीआर५ या पुढच्या पिढीच्या यंत्रात असा बदल केल्यावर पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो, ते मेमरी ट्रेनिंग, म्हणजे रॅमशी जुळवून घेण्याची प्रक्रिया, असते, त्यामुळे घाईने वीज तोडू नये.)

त्यानंतर एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून पाहावी: चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक दोषी, दोन्ही स्टिकना एकाच स्लॉटमध्ये चुका आल्या तर स्लॉट किंवा प्रोसेसरची बैठक तपासावी. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत संपर्कपट्टीवर थर बसतो, त्यामुळे प्लग काढून स्टिक पुसून पुन्हा घट्ट बसवल्यानेही काम होऊ शकते. खोडरबराने घासण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्याने सोन्याचा मुलामा झिजतो; आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारे कापड वापरावे.

स्टिकच सदोष निघाली आणि ती जोडी म्हणून घेतलेली असेल, तर वॉरंटीसाठी सहसा दोन्ही स्टिक पाठवाव्या लागतात. तेवढ्या दिवसांसाठी उसनी रॅम आधीच पाहून ठेवावी.