फेसबुकचं स्मृतिखातं: कॉलेजच्या बॅचला कितपत उपयोगी?

बॅचमधला कुणी गेला की दोन दिवस हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. पुढे त्याच्याच वाढदिवसाला फेसबुक शुभेच्छा द्यायला सुचवतं, आणि बातमी न कळलेले चारजण खरंच देतात. हे थांबवायला खातं 'मेमोरियलाइज' करून घेणं, म्हणजे त्याचं स्मृतिखातं करणं, एवढ्यापुरती ही सोय चोख आहे. नावापाशी 'रिमेम्बरिंग' असं लागतं, वाढदिवसाच्या सूचना बंद होतात, जुन्या पोस्टी आणि फोटो ज्यांना दिसत होते त्यांना दिसत राहतात. पैसे लागत नाहीत.

विनंती मित्रालाही करता येते. हेल्प सेंटरमधल्या फॉर्मवर प्रोफाइल, मृत्यूची तारीख आणि पुरावा द्यायचा. मृत्यूचा दाखला सर्वांत बरा, निधनवार्तेचं कात्रणही चालतं. घोळ होतो तो नावांचा. दाखल्यावर सासरचं नाव, प्रोफाइलवर माहेरचं; किंवा प्रोफाइलच टोपणनावाने. दोन्ही नावं असलेला एखादा कागद सोबत जोडावा.

पण घरच्यांना विचारल्याशिवाय फॉर्म भरू नये. एकदा खातं स्मृतिखातं झालं की पासवर्ड असला तरी कुणालाच लॉग-इन करता येत नाही. मेसेजमधले फोटो कुटुंबाला हवे असतील तर ते आधीच उतरवून घेतलेले बरे. शिवाय खातं कायमचं काढून टाकायचं का, हे ठरवणं घरच्यांचं काम, वर्गमित्रांचं नव्हे.

बॅचच्या दृष्टीने खरी मेख आहे 'लेगसी कॉन्टॅक्ट'मध्ये, म्हणजे मागे खातं सांभाळणाऱ्या माणसात. तो खातेदाराने हयातीतच नेमावा लागतो. त्याला वर एक पोस्ट लावता येते, प्रोफाइलचा फोटो बदलता येतो, नव्या फ्रेंड रिक्वेस्ट स्वीकारता येतात. मेसेज वाचता येत नाहीत. तो नेमलेला नसेल तर मित्रांची यादी तिथेच गोठते. उशिरा फेसबुकवर आलेल्या वर्गमित्राला मग फक्त सार्वजनिक पोस्टी दिसणार. टाइमलाइनवर इतरांनी लिहिणं गेलेल्या मित्राने बंद ठेवलं असेल, तर जवळच्या दोस्तालाही तिथे आठवण लिहिता येत नाही. आणि बॅचच्या पेजचा तो एकटाच अ‍ॅडमिन असेल तर खात्याबरोबर पेजही जातं! दुसरा अ‍ॅडमिन आजच नेमा.

फेसबुक 2004 मध्ये कॉलेजच्या मुलांसाठीच निघालं आणि 2006 मध्ये सर्वांना खुलं झालं. 1975 च्या बॅचमधला जो 1998 मध्ये गेला, त्याच्यासाठी इथे काहीच नाही. म्हणून बॅचच्या खासगी ग्रुपमध्ये प्रत्येक दिवंगत मित्रामैत्रिणीची एक वेगळी पोस्ट करावी. पहिल्या ओळीत पूर्ण नाव (मुलींची दोन्ही), शाखा, होस्टेलची खोली, जन्म-मृत्यूची वर्षं. त्याखाली नोकरी, गाव, छंद. आठवणी कमेंटमध्ये येऊ द्याव्यात. नुसतं 'दिलखुलास माणूस' लिहून भागत नाही; कोणत्या प्रोफेसरांची नक्कल करायचा, मेसचा हिशेब कोण ठेवायची, हे मागून घ्यावं लागतं. पासपोर्ट आकाराचा फोटो 600 डीपीआयला स्कॅन करावा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवावा, नाहीतर दाबला जाऊन चेहरा धुरकट होतो.

घरच्यांच्या सोयीला 5 पैकी 4, बॅचसाठी जेमतेम अडीच. वर्षातून एकदा या सगळ्या पोस्टींची प्रत वर्डमध्ये काढून दोघांकडे ठेवावी.