बोरन्हाणाची डीव्हीडी अखेर नीट झाली, दुकानाचा अनुभव सांगते

लेकीच्या बोरन्हाणाचा व्हिडिओ मी घरीच एडिट केला, 40 मिनिटांचा. आईला देवरुखला डीव्हीडीच पाठवायची होती कारण तिकडे नेटचा भरवसा नाही आणि तिला तिचा प्लेयर सवयीचा. लॅपटॉपवर काळ्या झबल्यावरची बारीक खडी, हलव्याच्या हाराचा काटा न् काटा दिसत होता. डिस्क करून टीव्हीवर लावली तर झबलं म्हणजे नुसता काळा डाग आणि हलवा पांढराफटक, काटा कुठेच नाही. मग मी एडिटमध्ये ब्राइटनेस वाढवून परत डिस्क केली, तर काळं राखाडी झालं आणि हलवा आणखीच फटफटीत. तीन डिस्क वाया गेल्या आणि खरंच रडू यायचं बाकी होतं.

शेवटी नाशकात आमच्या भागातल्या एका जुन्या व्हिडिओच्या दुकानात गेले. काका म्हणाले, "ताई, डिस्क ठेवा बाजूला, एडिटिंगचा मूळ प्रोजेक्ट आणा." दुसऱ्या दिवशी नेला तर त्यांनी वेवफॉर्मचा आलेख, म्हणजे चित्रातला उजेड-अंधार आकड्यांत दाखवणारा आलेख, उघडून मला शेजारी बसवून दाखवलं. कॉम्प्युटरच्या स्क्रीनला काळा म्हणजे 0 आणि पांढरा म्हणजे 255, पण डीव्हीडीत काळा 16 वर धरतात आणि पांढरा 235 वर. माझ्या सॉफ्टवेअरने 0 ते 255 आहे तसंच डिस्कवर उतरवलं होतं, त्यामुळे टीव्ही 16 च्या खालचं सगळं एकच काळं दाखवत होता आणि 235 च्या वरचं एकच पांढरं. खडी खाली अडकली होती आणि हलव्याचे काटे वर. उलटी चूक झाली, म्हणजे एकदा 16 ते 235 मध्ये आवळलेलं परत आवळलं गेलं, तर चित्र धुरकट दिसतं म्हणे.

त्यांनी रेंज, म्हणजे 0 ते 255 चं 16 ते 235, एकदाच बदलली, आणि एचडीवरून डीव्हीडीच्या 720 बाय 576 मापावर आणताना रंगाचं गणितही एचडीच्या 709 मानकातून डीव्हीडीच्या 601 मध्ये आणलं, ते राहिलं असतं तर कुंकवाचा लाल मंद दिसला असता. मला सगळ्यात आवडलं ते हे की आधी पुसता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर फक्त 2 मिनिटांचा तुकडा काढून जुन्या डबा टीव्हीवर आणि एलसीडीवर, दोन्हीकडे लावून बघितला आणि मगच पक्की डिस्क केली. एलसीडीचा पिक्चर मोडही व्हिविडवरून स्टँडर्डवर आणला, नाहीतर टीव्हीच कॉन्ट्रास्ट वाढवतो आणि दोष डिस्कला लागतो. प्लेयर एचडीएमआयने जोडलेला असेल तर प्लेयर आणि टीव्ही दोन्हीकडे रेंज लिमिटेडवरच (म्हणजे 16 ते 235) आहे का बघा, हेही त्यांनी सांगितलं.

घेतले 350 रुपये, दोन जादा प्रतींसकट. सांगितलं परवा आणि दिली पाच दिवसांनी, फोनही मलाच करावे लागले, शिवाय डिस्कवरचं छापील लेबल अगदीच साधं, नाव मी घरी मार्करने लिहिलं. घाई असेल तर आधीच बजावून सांगा. पण कामाला पूर्ण मार्क, मी पुढच्या वेळीही तिथेच जाणार.

काल आईचा फोन आला, "अगं, झबल्यावर खडी आहे होय, मला वाटलं साधंच काळं शिवलंस."