डिमर बदलताना दोन्ही तारांवर पेटलेला टेस्टर

पुण्यातील माझ्या आई-वडिलांच्या घरी दिवाणखान्यातील डिमर (दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारे बटण) बदलण्याच्या निमित्ताने ८,८०० रुपयांची फसवणूक झाली. ज्या युक्तीने हे पैसे उकळले गेले, ती युक्ती भिंतीतील तारांची ओळख नसलेल्या कोणत्याही घरात चालू शकते. शिवाय काम 'पूर्ण' झाल्यानंतर घरात जो धोका मागे राहिला, तो रकमेपेक्षा कितीतरी गंभीर होता. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मूळ तक्रार अगदी साधी होती. डिमर कमी केला की छतालगतचे चारही दिवे लुकलुकत आणि बोर्डातून बारीक गुणगुण ऐकू येई. बाबांनी डिमर बनवणाऱ्या कंपनीचे सेवा केंद्र इंटरनेटवर शोधले आणि जो क्रमांक सर्वांत वर दिसला त्यावर फोन केला. तो क्रमांक त्या कंपनीचा नव्हताच, हे पुढे कंपनीच्या वेष्टनावर छापलेल्या क्रमांकावर चौकशी केली तेव्हा समजले.

आलेल्या माणसाने प्लेट काढली, डिमर बाहेर ओढला आणि म्हणाला, "काका, इथे तीन तारा आहेत. साधा डिमर दोन तारांचा असतो. तुम्हाला स्पेशल लागेल." या वाक्याचा पहिला भाग खरा होता, आणि म्हणूनच बाबांचा त्यावर विश्वास बसला. साध्या डिमरला दोनच टर्मिनल, म्हणजे तार जोडण्याच्या जागा, असतात. एकात फेज (वीज आणणारी तार) येतो आणि दुसऱ्यातून दिव्याकडे तार जाते. न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) डिमरला लागत नाही, तो थेट दिव्याकडे जातो. मात्र आपल्याकडील बोर्डात फेजची तार एका बटणावरून पुढच्या बटणावर लूप केलेली असते, त्यामुळे फेजच्या टर्मिनलमध्ये दोन तारा एकत्र पिळलेल्या आढळतात. ती तिसरी तार म्हणजे शेजारच्या बटणाकडे जाणारा तोच फेज होय. जिन्यातील दिव्यासारखी दोन ठिकाणांहून चालणारी जोडणी असेल तर मात्र खरोखरच तीन वेगवेगळ्या तारा असतात, परंतु या खोलीत तशी जोडणी नाही.

त्यानंतर "मेन बंद करतो" असे सांगून तो मार्गिकेतील डीबीकडे (घरभर वीज वाटून देणाऱ्या पेटीकडे) गेला, तिचे झाकण उघडून काही वेळ तेथे थांबला आणि परत आल्यावर पंख्याचे व ट्यूबचे बटण चालू ठेवायला सांगून त्याने टेस्टर लावला. लाल तारेवर, म्हणजे फेजवर, टेस्टर पेटला. काळ्या तारेवर, म्हणजे न्यूट्रलवर, तो एरवी पेटत नाही, पण तेथेही पेटला. पंखा मात्र फिरत नव्हता. "न्यूट्रलमध्ये फेज उतरलाय. आतलं सगळं वायरिंग जळलंय, आज रात्रीच आग लागू शकते," असे त्याने सांगितल्यावर आई घाबरली आणि पुढच्या सगळ्या खर्चाला होकार मिळाला.

हे ज्याने त्याने नीट समजून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. काळ्या तारेचे डीबीतील टोक सुटलेले असेल आणि खोलीतील एखादे उपकरण चालू असेल, तर फेज त्या उपकरणातून पार होऊन काळ्या तारेपर्यंत पोहोचतो. पुढे परतीचा मार्ग नसल्यामुळे पंखा फिरत नाही, पण टेस्टर पेटतो. वायरिंग जळल्याचा हा पुरावा नव्हे. न्यूट्रल कुठेतरी तुटला किंवा सुटला आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते. त्या खोलीतील सर्व बटणे बंद करायला लावून आणि प्लग काढून पुन्हा टेस्टर लावायला सांगावे. काळ्या तारेवरील प्रकाश नाहीसा झाला, तर तो फेज उपकरणातून येत होता. अशा तारेला हात लावणे मात्र जीवघेणे ठरू शकते, त्यामुळे हे पडताळणे आपण स्वतः करू नये, आपल्यासमोर करून घ्यावे.

दोन बंडल तारेचे ४,२०० रुपये, 'स्पेशल' डिमरचे १,८५०, मजुरीचे २,४०० आणि येण्याचे ३५० असा हिशेब त्याने कोऱ्या कागदावर लिहून दिला. त्यावर ना दुकानाचे नाव होते ना परवाना क्रमांक, आणि पैसे भलत्याच नावाच्या खात्यावर गेले. "जुना माल कंपनीत जमा करावा लागतो" असे सांगून जुना डिमरही त्याने नेला.

दिवे पुन्हा लुकलुकू लागले तेव्हा मी आमच्या ओळखीच्या परवानाधारक वायरमनना बोलावले. त्यांनी बोर्ड उघडला आणि माझ्या हातात विजेरी देऊन म्हणाले, "ताई, हे बघा." नवी, चकचकीत तार बोर्डात दिसेल तेवढीच होती. पाइपाच्या तोंडाशी ती जुन्या तारेला पिळून वर टेप गुंडाळलेली होती, आणि डीबीकडील टोकालाही तोच प्रकार होता. एक बंडल ९० मीटरचे असते. दोन बंडले म्हणजे १८० मीटर तार त्या एका खोलीत संपणे शक्यच नव्हते. 'मेन बंद करतो' म्हणून गेला तेव्हा त्याने सोडवला असावा, तो डीबीतील न्यूट्रलचा स्क्रू अर्धवट कसलेला होता आणि तेथील आवरण उष्णतेने तपकिरी पडू लागले होते. आग लागण्याची जी भीती घालून पैसे घेतले गेले, तिचे खरे कारण त्या माणसानेच आमच्या घरात निर्माण करून ठेवले होते, आणि मला सर्वाधिक संताप याचाच येतो.

दिव्यांचा दोष तारांमध्ये नव्हताच. पूर्वी तेथे ६० वॅटचे चार साधे बल्ब होते, त्यांच्या जागी ९ वॅटचे एलईडी आले होते. साधा डिमर विजेच्या प्रत्येक अर्धलहरीचा काही भाग कापून प्रकाश कमी करतो. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० पूर्ण लहरींच्या, पुरवठ्यात असे सेकंदाला १०० वेळा घडते, आणि डिमरसाठी न बनवलेल्या एलईडीतील सर्किटला ते मानवत नाही. त्याशिवाय २४० वॅटचा भार ३६ वॅटवर आला होता, आणि अनेक जुने डिमर इतक्या कमी भारावर स्थिर चालत नाहीत. वायरमननी कपाटातला जुना बल्ब एका होल्डरला लावून पाहिला, लुकलुकणे थांबले. 'डिमेबल' असे छापलेले एलईडी आणि त्यांना जुळणारा डिमर एवढाच उपाय होता. जुना डिमर चांगला होता की नाही हे आता कळणार नाही, कारण तो आमच्याकडे नाही. काढलेला भाग नेऊ देऊ नये, तो मागून घ्यावा.

रंगांवरही सर्वस्वी विसंबू नये. लाल, पिवळा किंवा निळा फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवा अर्थिंग ही आपल्याकडची रूढ पद्धत असली, तरी हाती असेल ती तार वापरून केलेली कामे जुन्या इमारतींत सर्रास सापडतात. एकही स्क्रू सैल करण्यापूर्वी एमसीबी (डीबीतील वीज तोडणारा स्विच) बंद करून बोर्डाचा आणि डीबीचा फोटो घ्यावा, कारण आधी काय होते हे दाखवायला दुसरे साधन उरत नाही. आमच्याकडे आधीचा फोटो नव्हता. टेप गुंडाळलेल्या जोडांचे फोटो, पैसे पाठवल्याची नोंद, तो कोरा कागद आणि वायरमननी सहीनिशी लिहून दिलेला अभिप्राय एवढे जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तेथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहोत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास तक्रारीचे शुल्कही पडत नाही.