जुन्या जेट स्कीचं इंजिन: टॉप एंड करायचं की सेकंडहँड अख्खं बसवायचं?

मढला भावाने जुनी टू-स्ट्रोक स्की घेतली, पावसाळाभर ताडपत्रीखाली पडलेली, स्टार्ट होते पण पाण्यात वेग घेऊन उठतच नाही. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारा) लावला तर एका सिलिंडरला 130 पीएसआय, दुसऱ्याला 85. दोघांत 10 टक्क्यांच्या वर फरक नको, म्हणजे एक सिलिंडर गेलाच.

टॉप एंड म्हणजे इंजिनचा वरचा भाग नवा करणं: पिस्टन, रिंगा, गॅस्केट, लागलं तर सिलिंडरचं बोरिंग (आतून कापून मोठं करणं). खर्च आवाक्यातला, पण खाली क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याची) बेअरिंग गंजली असतील तर सगळं पाण्यात. म्हणून स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवून बघा, खरखर लागली तर पैसे घालू नका. आणि पिस्टन का गेला ते न शोधता नवा टाकला तर तोही जाणार, आमच्या कार्बोरेटरच्या जेटमध्ये जुन्या पेट्रोलचा हिरवट चिकट गाळ होता, त्यामुळे पेट्रोल कमी, त्यात मिसळलेलं तेलही कमी, पिस्टनवर उभे ओरखडे.

सेकंडहँड इंजिन दोन दिवसांत बसतं, हे खरं. पण ते कुठल्या समुद्रात बुडालेलं कोण सांगणार? कॉम्प्रेशन दाखव म्हटलं की विकणारा म्हणतो, बिनधास्त घ्या साहेब! इंजिन बसवायचे माउंट जुळले नाहीत तर अजून वेगळी कटकट.

आमची क्रँक गुळगुळीत फिरली, म्हणून टॉप एंडच करतोय, कार्बोरेटर मात्र आधी.