मैदानावर पुस्तक न्यावं की वर्गातच ठेवावं?

खेळाच्या तासाला गोष्टींची जोड द्यायची ठरवलीत, की लगेच प्रश्न पडतो: मैदानावर गोष्ट वाचत वाचतच हालचाली करून घ्यायच्या, की वर्गात आधी वाचून मग तिचा खेळ करायचा? मी दोन्ही करून पाहिलं आहे. पहिलं तर बरीच वर्षं.

वाचता वाचता हालचालींत मजा मोठी. ‘अस्वल सरपटत पुढे गेलं’ म्हणायचा अवकाश, अख्खा वर्ग जमिनीवर. शब्द कानावर पडतो तेव्हाच अंग तो करत असतं, त्यामुळे रांगणं, सरपटणं, घसरणं यांतला फरक सांगत बसावा लागत नाही. परकी भाषा शिकवण्यासाठी जेम्स अ‍ॅशर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हेच सूत्र धरलं होतं: आधी सूचना ऐकून कृती करा, बोलणं मागाहून येईल. वेगळी तयारीही फारशी नको.

पण माझं घोडं अडलं ते पानांपाशी. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं. प्रत्येक पान उलटताना मुलं थांबणार, चित्र बघायला पुढे धावणार, मागची ‘आम्हाला दिसत नाही’ म्हणून ओरडणार. घड्याळ लावून मोजलं नाही, पण तासातला बराच वेळ उभं राहण्यात जायचा. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते; आपल्या वाट्याला तासच किती येतात, हे तुम्हाला माहीत आहेच. शिवाय तोंडात शिट्टी असेल तर वाचता येत नाही, आणि वाचत असलो तर शिट्टी फुंकता येत नाही. एकदा मी वाघाची झेप अगदी रंगवून वाचत होतो. मान वर केली तर दोन वाघ एकमेकांवर आदळून कपाळं चोळत बसलेले. डोळे पानावर असले की मुलांवर नसतात. त्या दिवसापासून पुस्तक मैदानावर न्यायची धास्तीच बसली. गोष्ट पाठ करूनही पाहिली. नजर मोकळी झाली, पण चित्रं गेली.

आधी वाचलेल्या गोष्टीत हा जाच नाही. मैदानावर दोन रेघा मारल्या की ती नदी, हे मुलांनीच ठरवलेलं असतं. पाण्यात पाय पडला तर काय, हेही तीच सांगतात, म्हणजे नियम समजावण्याचा वेळ वाचला. सगळी गोष्ट खेळायची नाही, तीन-चार प्रसंग पुरतात. एक अडचण मात्र येते: गोष्टींत पळणं आणि उड्या मुबलक, तोल सांभाळणंही सापडतं, पण फेकणं-झेलणं जवळजवळ नसतंच. तिथे माकडांच्या हाती चेंडू आपणच द्यायचे.

निवड करताना जपून. ससा-कासवाची गोष्ट आयती वाटते, पण सगळ्यांनाच ससा व्हायचं असतं आणि ससा तर झोपतो! मी सगळ्यांना कासव केलं. हात-पाय टेकून, गुडघे न टेकवता हळू चालायला लावलं, तेव्हा एरवी शर्यत जिंकणारेच आधी दमले.

या पद्धतीचा खर्च वेळापत्रकात आहे. वाचनाचा तास सोमवारी आणि खेळाचा शुक्रवारी असेल, तर गोष्ट शिळी होते. वर्गशिक्षकांशी जमवून घ्यावं लागतं, आणि ते दरवेळी जमतंच असं नाही.

बालवाडीला शिकवत असाल किंवा पावसाने बंद खोलीत अडकला असाल, तर वाचता वाचताच करा. तिथे ते कदाचित सरसही ठरेल. पहिली-दुसरीच्या पुढे, मोकळं मैदान आणि मोठा वर्ग असेल, तर मी पुस्तक वर्गातच ठेवीन. खेळ संपल्यावर मुलं ते पुन्हा मागून घेतात, वाघ नक्की कुठल्या दगडावरून घसरला यावरचं भांडण मिटवायला.