‘नाईन एच’ आणि तीन तासांचे कोटिंग

खडक आणि खनिजे शिकवताना मोसची काठिण्यश्रेणी मी आजवर किती वेळा फळ्यावर लिहिली असेल याची गणती नाही. फ्रिडरिश मोसने 1812 साली मांडलेली, संगजिऱ्यापासून सुरू होऊन हिऱ्यापाशी दहा आकड्यावर संपणारी ती यादी मला झोपेतही म्हणता येईल. तरीही मागच्या मार्च महिन्यात एका पंचविशीतल्या मुलाने माझ्याच गाडीजवळ उभे राहून मला सांगितले, “सर, हिरा दहा नंबर, आपलं कोटिंग नऊ नंबर,” आणि मी मान डोलावून गाडीच्या रंगावर लावायच्या ‘सिरॅमिक कोटिंग’साठी अठरा हजार रुपये मोजले. फसवणुकीचा हा अनुभव लिहिताना सर्वांत जास्त लाज मला याच गोष्टीची वाटते.

आमचे गाव वणी तालुक्यात आहे. घरापासून शाळेपर्यंतच्या अकरा किलोमीटरच्या रस्त्यावर कोळशाचे हायवा ट्रक दिवसरात्र धावतात, उरलेला तुकडा मुरमाचा आहे आणि पावसाळ्यात वावराची काळी माती चाकांवरून उडून दारांना अशी चिकटते की वाळल्यावर ती खापरासारखी निघते. गडद निळ्या रंगाची गाडी घेण्याचा हट्ट माझा होता. वर्षभरातच उन्हात उभी केलेली गाडी पाहिली की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा चमकू लागल्या, कारण सकाळी शाळेत जाण्याआधी कोरड्या दुपट्ट्याने धूळ झटकण्याची माझी सवय होती आणि रविवारी अंगणात कपडे धुण्याच्या पावडरने गाडी धुतली जात असे. म्हणजे गाडीचे निम्मे नुकसान मी स्वतःच करून बसलो होतो, आणि नेमक्या त्याच दुखऱ्या जागेवर त्या दुकानदार मुलाने बोट ठेवले.

दुकान तालुक्याबाहेरच्या एका मोठ्या गावातले. नाव लिहीत नाही. त्याने आधी प्रात्यक्षिक दाखवले. एका सुट्या बोनेटवर लायटरचे तेल ओतून पेटवले, विझल्यावर फडक्याने पुसले आणि रंग जसाच्या तसा दाखवला. मग मार्करने रेघ ओढून पुसली. शेवटी पाणी मारले, तर अळूच्या पानावर पडावे तसे ते मोत्यांसारखे गोळा होऊन घरंगळले. हे तिन्ही खेळ काहीही सिद्ध करत नाहीत, हे मला चार महिन्यांनी कळले. तेलाची वाफ पृष्ठभागाच्या वर जळते आणि काही सेकंदांच्या त्या जाळाने कंपनीचा साधा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थरही, बिघडत नाही. फडक्याला आधीच थिनरसारखे काही लावलेले असले तर मार्कर कुठलाही पुसला जातो. आणि पाण्याचे मोती काही शे रुपयांच्या स्प्रे वॅक्सनेही तयार होतात, फक्त ते काही आठवडेच टिकतात.

‘नाईन एच’चे, म्हणजे त्याच्या ‘नऊ नंबर’चे, गौडबंगाल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण तेच पाठ केलेले वाक्य बहुतेक ठिकाणी ऐकवले जाते. हा आकडा मोसच्या श्रेणीतला नसून चित्रकलेच्या पेन्सिलींचा आहे. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ठरावीक दाबाने रंगाच्या थरावरून ओढतात आणि नऊ एच पेन्सिलीनेही ओरखडा उठला नाही तर त्या थराला ‘नऊ एच’ म्हणतात. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती. तिच्यापुढे टिकलेला थर वाळूपुढे टिकेलच असे नाही, कारण वाळूतले क्वार्ट्झ मोसच्या श्रेणीत सातव्या क्रमांकावर आहे. आमच्या रस्त्यावरच्या धुळीत ते भरपूर असते. मोसच्या श्रेणीत नऊवर कुरुंद येतो, म्हणजे माणिक आणि नीलम ज्याचे प्रकार आहेत ते खनिज. बाटलीतून फडक्याने पुसलेल्या द्रवाचा माणिक होत नाही, एवढे तरी भूगोलाच्या शिक्षकाला सुचायला हवे होते.

सकाळी अकराला मी गाडी त्याच्या ताब्यात दिली, पंचायत समितीतली कामे उरकली आणि अडीच वाजता परत आलो तर गाडी आरशासारखी तयार होती. मी बिल मागितले. “बिल घेतलं तर अठरा टक्के जीएसटी लागते सर, कायले उगीच?” असे म्हणून त्याने वहीच्या पानावर कच्ची पावती दिली आणि सोबत एक गुळगुळीत वॉरंटी कार्ड दिले. दहा हजार यूपीआयने आणि आठ हजार रोख, असा व्यवहार झाला. ते दहा हजार यूपीआयने गेले हे माझे नशीब.

जूनच्या अखेरीस पहिल्या मोठ्या पावसात पाणी मोत्यासारखे न थांबता रंगावर पसरू लागले. त्याआधीच मे महिन्यात, तापमान 45 अंशांच्या आसपास असताना, बोअरच्या पाण्याने धुतलेल्या गाडीवर चुन्याची पांढरी वर्तुळे उमटली होती, पण ते पाण्याचे दोष म्हणून मी सोडून दिले. जुलैत जुन्या रेषा परत दिसू लागल्या आणि त्यांच्या जोडीला, तिरक्या उन्हात, धुरासारखे हलणारे नवे पट्टेही. दुकानात गेलो तर त्याने कार्डावरची बारीक अक्षरे दाखवली. ओरखडे, पाण्याचे डाग, पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक वगळलेले होते, आणि दर तीन महिन्यांनी दीड हजार रुपयांचे ‘मेंटेनन्स’ न केल्यास वॉरंटी रद्द होणार होती. जून महिना शाळाप्रवेशाच्या धावपळीत गेल्यामुळे ती तारीख माझ्याकडून चुकली होतीच. वगळलेल्या गोष्टी वजा केल्यावर वॉरंटी नेमकी कशाची होती, या माझ्या प्रश्नाला त्याने चहा मागवला.

माझा भाचा नागपूरला गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या कामात आहे. पोळ्याला आला तेव्हा त्याने रंगाची जाडी मोजणारे यंत्र सोबत आणले. छतावर 112 मायक्रॉन (म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग), दारांवर जवळपास तेवढेच, बोनेटच्या मध्यभागी 86 आणि बोनेटच्या घडीच्या कडेवर 64. “मामा, हे कोटिंग नाही झालं, हे तासून काढलं,” एवढेच तो म्हणाला. कंपनीच्या रंगाची एकूण जाडी साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन असते आणि त्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. सूर्यप्रकाशापासून रंगाचे रक्षण तोच करतो. त्या मुलाने जाड कंपाउंड, म्हणजे रंग घासणारी खरखरीत पेस्ट, लावून जोरात मशीन फिरवले, कडेवर क्लिअर कोट जवळपास संपवला, खोल रेषा तेलकट पॉलिशने बुजवल्या आणि वरून चमक देणारा स्प्रे मारला. भाच्याने तेलकटपणा काढणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक भाग पुसून टॉर्च धरली, तेव्हा बुजवलेले सगळे उघडे पडले. अठरा हजार गेले ते गेलेच, पण क्लिअर कोट कुणी बाटलीत भरून परत देत नाही.

खरे सिरॅमिक कोटिंग खोटी गोष्ट नाही, हेही न्यायाने लिहिले पाहिजे. सिलिकायुक्त द्रवाचा एक-दोन मायक्रॉनचा थर रंगावर घट्ट बसतो, घाण कमी चिकटते आणि गाडी धुणे सोपे होते. मात्र खडीचे टवके आणि चुन्याचे डाग त्याने थांबत नाहीत, उलट तापलेल्या पत्र्यावर पाण्याचे मोती जागच्या जागी वाळले तर प्रत्येकाचे वर्तुळ उमटते. त्या कामातला कष्टाचा भाग बाटलीच्या आधीचा असतो. गाडी धुणे, रुतलेले लोखंडाचे कण आणि डांबर काढणे, क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवणे, जाडी मोजत मोजत पॉलिश करणे, अल्कोहोलने सगळी तेलकटी पुसणे, मग एकेका पत्र्यावर द्रव लावून वेळेत पुसणे आणि गाडी किमान रात्रभर धूळ नसलेल्या बंद जागेत ठेवणे, यात एक-दोन दिवस सहज जातात. तीन तासांत हे होत नाही. मी दुकानाबाहेर न जाता तिथेच खुर्ची टाकून बसलो असतो, मशीन लावण्याआधीची आणि नंतरची जाडी दाखवा म्हणालो असतो आणि कोटिंगची सीलबंद बाटली माझ्यासमोर फोडायला लावली असती, तर त्याने बहुधा मला गोड बोलून वाटेला लावले असते. यापूर्वीच्या गाडीला शोरूमने ‘टेफ्लॉन’ केले होते, त्याचीही आता शंका येते, कारण तव्यावरचे टेफ्लॉन तीनशे अंशांहून जास्त उष्णतेत बसवतात आणि तेवढी उष्णता गाडीचा रंग सोसणार नाही.

आता मी गाडी सकाळी कडुनिंबाच्या सावलीत, पत्रा थंड असताना धुतो. आधी नुसते पाणी मारून माती फुगू देतो, मग एका बादलीत गाडीचा शाम्पू आणि दुसरीत साधे पाणी घेऊन, वरून खाली, मायक्रोफायबरचा हातमोजा दर पत्र्यानंतर साध्या पाण्यात खंगाळत जातो. चाकांचे फडके वेगळे. पाणी वाळण्याआधी टिपून घेतो आणि पावसाळ्यात पन्हाळीचे पाणी टाकीत साठवून तेच वापरतो, कारण त्यात चुना नसतो. दोन-तीन महिन्यांनी हाताने वॅक्स लावतो. दुपट्टा खांद्यावरच राहतो.

तक्रारीसाठी मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. मी यूपीआयची नोंद, कच्ची पावती, कार्ड आणि जाडीच्या आकड्यांचे फोटो जोडून आधी दुकानदाराला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. पंधराव्या दिवशी त्याचा फोन आला आणि दहा हजार परत मिळाले. रोख दिलेल्या आठ हजारांबद्दल, “ते मले भेटलेच नाही,” असे तो शांतपणे म्हणाला. भाच्याच्या सांगण्यावरून बोनेटला आता मशीन लावायचे नाही असे ठरले आहे. कडेवरचा विटलेला पट्टा हिवाळ्यात, कापसाचे पैसे आल्यावर, रंगवून घ्यावा लागेल.